धूलिस्फोट

धूलिस्फोट म्हणजे हवेत तरंगणाऱ्या ज्वलनशील पदार्थाच्या बारीक कणांचे अतिशय वेगाने होणारे ज्वलन आणि त्यामुळे बंदिस्त जागेत एकाएकी वाढणारा दाब होय. दगडी कोळसा, लाकूड, धान्याचे पीठ, साखर, स्टार्च, दुधाची भुकटी, गंधक, अनेक प्लॅस्टिके, रंगद्रव्ये व औषधी द्रव्ये, तसेच ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांसारखे धातू हे सर्व पुरेसे बारीक झाले की धूलिस्फोट घडवू शकतात. मीठ, वाळू, सिमेंट आणि चुनखडी यांची धूळ मात्र स्फोटक नसते, कारण या पदार्थांचे ऑक्सिजनशी आणखी ज्वलन होऊच शकत नाही. साधारणपणे ५०० मायक्रोमीटर, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान कण असलेल्या ज्वलनशील पदार्थाला या दृष्टीने धोकादायक धूळ समजले जाते.

धूलिस्फोट ही दारूगोळ्याच्या स्फोटाहून वेगळी घटना आहे. दारूगोळ्यातील द्रव्यात ऑक्सिजन पुरवणारा घटक आधीच मिसळलेला असतो. धूलिस्फोटात तो भोवतालच्या हवेतून मिळतो. त्यामुळे जो पदार्थ पोत्यात निरुपद्रवी असतो तोच हवेत मिसळला की घातक ठरतो.

स्फोट कसा घडतो

लाकडाचा ओंडका पेटवायला एक काडी पुरत नाही. त्याच ओंडक्याच्या ढलप्या लवकर पेट घेतात आणि त्याचाच कोरडा बारीक भुसा हवेत उधळला तर तो क्षणात भडकतो. पदार्थ तोच असतो, बदलते ते पृष्ठफळ. एक सेंटिमीटर बाजू असलेल्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. तोच घन एक दशांश मिलिमीटर बाजूच्या लहान घनांत विभागला तर दहा लाख कण होतात आणि त्यांचे एकत्रित पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर भरते. कण दहा मायक्रोमीटरचे केले तर ते ६,००० चौरस सेंटिमीटरवर जाते. ज्वलन पृष्ठभागावर होत असल्याने पृष्ठफळ वाढले की उष्णता बाहेर पडण्याचा वेगही वाढतो. शिवाय लहान कण तापायला फार थोडी उष्णता लागते आणि तो हवेत अधिक काळ तरंगत राहतो.

साध्या आगीला इंधन, ऑक्सिजन आणि प्रज्वलनाचा स्रोत या तीन गोष्टी लागतात. धूलिस्फोटासाठी आणखी दोन हव्यात. एक म्हणजे धूळ हवेत योग्य प्रमाणात पसरलेली असणे, आणि दुसरी म्हणजे जागा बंदिस्त असणे. या पाच अटींना मिळून स्फोटाचा पंचकोन म्हणतात. जागा उघडी असेल तर तापलेल्या वायूंना पसरायला वाव मिळतो आणि दाब फारसा वाढत नाही. तेव्हा स्फोटाऐवजी ज्वाळांचा लोळ उठतो. अर्थात तोही जीवघेणा असू शकतो.

बहुतेक सेंद्रिय पदार्थांच्या बाबतीत हवेतील धुळीचे प्रमाण दर घनमीटरला सुमारे ३० ते ६० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ज्योत एका कणापासून दुसऱ्या कणापर्यंत पोहोचत नाही. या खालच्या मर्यादेला किमान स्फोटक संहती म्हणतात. हा आकडा लहान वाटतो, पण प्रत्यक्षात असा ढग फार दाट असतो: दर घनमीटरला ४० ग्रॅम धूळ असली तर २५ वॅटचा पेटलेला दिवा दोन मीटरवरूनही दिसेनासा होतो. अशा हवेत माणूस काम करू शकत नाही. म्हणून स्फोटक ढग सहसा कामगारांच्या भोवती नसून यंत्रांच्या पोटात असतो: दळणयंत्रात, धान्य वर चढवणाऱ्या बादल्यांच्या उच्चालकात, धूळ गोळा करणाऱ्या चक्रवाती विलगकात, गाळणपिशव्यांत आणि कोठारांत.

प्राथमिक व दुय्यम स्फोट

मग मोठमोठ्या इमारती कशा कोसळतात? या प्रश्नाचे उत्तर तुळया, नळ, दिव्यांची आवरणे आणि छताच्या वरच्या बाजूस महिनोन् महिने साचत राहिलेल्या धुळीत सापडते. एखाद्या यंत्रात झालेला पहिला स्फोट लहान असतो. त्याच्या दाबलहरीने यंत्र फुटते, इमारत हादरते आणि साचलेली धूळ झडून हवेत मिसळते. मागोमाग येणारी ज्योत या नव्या ढगाला पेटवते. हा दुय्यम स्फोट पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा असतो आणि तो पुढच्या दालनातील धूळ उडवून तिसऱ्या स्फोटाची तयारी करतो. बहुतेक मोठ्या दुर्घटनांतील जीवितहानी पहिल्या स्फोटाने नव्हे, तर या साखळीने झालेली आहे.

यासाठी किती धूळ लागते याचे गणित सोपे आहे. दर घनमीटरला ५०० किलोग्रॅम घनता असलेल्या धुळीचा केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर जमिनीवर असेल, तर दर चौरस मीटरला अर्धा किलोग्रॅम धूळ होते. पाच मीटर उंचीच्या दालनात ती सारखी पसरली तर हवेतील प्रमाण दर घनमीटरला १०० ग्रॅम होते, म्हणजे स्फोटक मर्यादेहून बरेच अधिक. ती एक मीटर उंचीपर्यंतच उडाली तर प्रमाण ५०० ग्रॅमवर जाते. बोटाने रेघ ओढता येईल इतकी धूळ साचली की ती झाडायची वेळ झाली, हा अनुभवी कामगारांचा ठोकताळा या गणिताशी जुळतो.

बंदिस्त भांड्यातील धूलिस्फोटात दाब सामान्यतः ७ ते १० बारपर्यंत चढतो. साधी विटांची भिंत याच्या अल्प अंशानेही कोसळते.

इतिहास

धूलिस्फोटाची सर्वांत जुनी तपशीलवार नोंद इटलीतील तुरीन येथील आहे. १४ डिसेंबर १७८५ रोजी तेथील एका पाववाल्याच्या पिठाच्या गोदामात स्फोट झाला. काउंट मोरोत्सो यांनी या घटनेचा वृत्तांत लिहिला. गोदामात एक मुलगा दिव्याच्या उजेडात पीठ ओढत होता. साठलेल्या पिठाचा मोठा भाग एकदम खाली घसरला, दाट ढग उठला आणि त्याने पेट घेतला. त्या वर्षी हवा कोरडी असल्याने पीठही नेहमीपेक्षा कोरडे होते, हे मोरोत्सो यांनी आवर्जून नोंदवले आहे. ओलाव्याचा आणि धुळीच्या स्फोटकतेचा संबंध दाखवणारे हे निरीक्षण आजही खरे मानले जाते.

पुढील शतकभर या विषयाचा अभ्यास प्रामुख्याने कोळशाच्या खाणींभोवती झाला. इंग्लंडमधील हॅसवेल खाणीत २८ सप्टेंबर १८४४ रोजी झालेल्या स्फोटात ९५ जण मरण पावले. सरकारने मायकेल फॅरेडे आणि भूवैज्ञानिक चार्ल्स लायल यांना चौकशीसाठी पाठवले. खाणीतील लाकडी टेकूंवर आणि भिंतींवर त्यांना अर्धवट जळून कोक झालेल्या कोळशाच्या धुळीचे थर आढळले. ज्वाळांना केवळ मिथेन वायूने नव्हे, तर कोळशाच्या धुळीनेही खाद्य पुरवले असा निष्कर्ष त्यांनी काढला. अहवालाच्या या भागाकडे खाणमालकांनी आणि अधिकाऱ्यांनी कित्येक दशके लक्ष दिले नाही.

१८७० च्या दशकात वेल्समध्ये विल्यम गॅलोवे यांनी प्रयोगांनी दाखवले की हवेत मिथेनचे प्रमाण एरवी निर्धोक वाटेल इतके थोडे असले तरी कोळशाच्या धुळीमुळे ते मिश्रण स्फोटक बनते. पुढे वायूशिवायही धूळ ज्योत वाहून नेऊ शकते, अशी भूमिका त्यांनी घेतली. तिला प्रखर विरोध झाला. वाद केवळ शास्त्रीय नव्हता. धूळ हे कारण मानले तर ज्या खाणींत वायू नाही त्या सुरक्षित, हा समज सोडावा लागणार होता आणि सर्वच खाणींवर खर्च करावा लागणार होता.

१० मार्च १९०६ रोजी उत्तर फ्रान्समधील कूरियेर येथे या वादाचा निकाल लागला. तेथील खाणींत वायूचा उपद्रव जवळजवळ नव्हता. तरीही स्फोटाची ज्योत एकमेकांना जोडलेल्या बोगद्यांतून दूरवर पसरत गेली आणि १,०९९ जण मृत्युमुखी पडले. मृतांत लहान वयाचे कामगारही होते. दुर्घटनेनंतर वीस दिवसांनी तेरा कामगार अंधारातून वाट काढत जिवंत बाहेर आले. शोधकार्य फार लवकर थांबवल्याचा आरोप त्यामुळे अधिक तीव्र झाला. युरोपातील ही आजवरची सर्वांत मोठी खाणदुर्घटना आहे. यापेक्षा मोठी दुर्घटना २६ एप्रिल १९४२ रोजी जपानच्या ताब्यातील मांचुरियात, बेन्शीहू येथील खाणीत झाली. तीत १,५४९ जण मरण पावले. तिलाही वायूबरोबर कोळशाची धूळ कारणीभूत होती.

कूरियेरनंतर संशोधनाला संस्थात्मक रूप आले. फ्रान्समध्ये लिएव्हँ येथे जाक ताफानेल यांच्या मार्गदर्शनाखाली प्रायोगिक केंद्र सुरू झाले. इंग्लंडमध्ये ऑल्टोफ्ट्स येथे १९०८ पासून एका लांब पोलादी बोगद्यात मुद्दाम स्फोट घडवून पाहिले गेले. अमेरिकेत ६ डिसेंबर १९०७ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील मोनोंगा येथे ३६२ खाणकामगार मरण पावल्यानंतर १९१० मध्ये खाण विभाग स्थापन झाला, आणि पिट्सबर्गजवळ ब्रुस्टन येथे खरीखुरी प्रायोगिक खाण खोदण्यात आली. १९११ मध्ये तेथे खाणव्यावसायिकांसमोर केवळ कोळशाच्या धुळीचा स्फोट घडवून दाखवला गेला. तोपर्यंत न पटलेल्या अनेकांना तो पाहून पटले.

खाणींवरचा मुख्य उपाय मात्र प्रयोगशाळेत नव्हे, तर निरीक्षणातून सापडला. ऑल्टोफ्ट्स येथे १८८६ मध्ये झालेल्या स्फोटानंतर विल्यम गार्फर्थ यांच्या लक्षात आले की ज्या भागात जमिनीवर दगडाची धूळ होती तेथे ज्योत विझली होती. चुनखडीची बारीक भुकटी बोगद्यांत पसरली तर स्फोटाच्या वेळी ती कोळशाच्या धुळीबरोबरच उडते, उष्णता शोषून घेते आणि ज्योत पुढे सरकू देत नाही. ताफानेल यांनी याच तत्त्वावर छताजवळ सैल फळ्यांवर भुकटीचे ढीग ठेवण्याची योजना सुचवली. स्फोटाच्या आधी येणाऱ्या हवेच्या झोताने फळ्या उलटतात आणि भुकटीचा पडदा तयार होतो. हा उपाय आजही जगभर वापरात आहे. त्यात हयगय झाली की काय होते हे ५ एप्रिल २०१० रोजी वेस्ट व्हर्जिनियातील अप्पर बिग ब्रँच खाणीत दिसले. तेथे २९ जणांचा बळी गेला, आणि त्यानंतर अमेरिकेने खाणींतील धुळीत न जळणारा भाग सर्वत्र किमान ८० टक्के असावा असा नियम केला.

पिठाच्या गिरण्यांच्या इतिहासात मिनियापोलिस येथील वॉशबर्न ‘ए’ गिरणीचे नाव प्रथम घ्यावे लागते. २ मे १८७८ रोजी ही सात मजली गिरणी स्फोटाने उद्ध्वस्त झाली, शेजारच्या गिरण्याही जळाल्या आणि १८ जण मरण पावले. मिनेसोटा विद्यापीठातील पेक आणि पेकहॅम या प्राध्यापकांनी पेटीत पीठ उडवून, ते पेटवून, स्फोट कशाने झाला हे प्रत्यक्ष दाखवले. त्यानंतर गिरण्यांत धूळ शोषून घेणारी यंत्रे बसवली जाऊ लागली. तथापि धान्यकोठारांतील अपघात थांबले नाहीत. २२ डिसेंबर १९७७ रोजी लुइझियानातील वेस्टवेगो येथे धान्याच्या कोठारात ३६ जण, तर २० ऑगस्ट १९९७ रोजी फ्रान्समधील ब्ले येथे ११ जण मरण पावले.

मापन व प्रयोगपद्धती

एखादी भुकटी किती धोकादायक आहे हे केवळ पदार्थाच्या नावावरून सांगता येत नाही. कणांचा आकार, ओलावा आणि कणांचे रूप यांनुसार एकाच पदार्थाचे गुणधर्म बरेच बदलतात. म्हणून प्रत्यक्ष चाचणी करावी लागते.

अमेरिकेच्या खाण विभागातील अर्विंग हार्टमन यांनी प्रचारात आणलेल्या १.२ लिटरच्या नळीत संकुचित हवेने धूळ उडवून ठिणगीने पेटवली जाते. पदार्थ पेटतो की नाही हे समजण्यासाठी ही नळी उपयोगी आहे, पण स्फोटाची तीव्रता ती खऱ्यापेक्षा कमी दाखवते. स्वित्झर्लंडमधील वोल्फगांग बार्टक्नेश्ट यांनी एक घनमीटरच्या भांड्यात प्रयोग केले. दाबवाढीचा कमाल वेग आणि भांड्याच्या घनफळाचे घनमूळ यांचा गुणाकार साधारण स्थिर राहतो, असे त्यांनी दाखवले. या गुणाकाराला केएसटी मूल्य म्हणतात. समजा एखाद्या भुकटीचे मूल्य १५० बार-मीटर प्रति सेकंद आहे. एक घनमीटरच्या भांड्यात दाब सेकंदाला १५० बार या वेगाने वाढेल, आठ घनमीटरच्या भांड्यात ७५ या वेगाने, तर २० लिटरच्या गोलात सुमारे ५५० या वेगाने. घनमूळाच्या या नियमामुळे लहान भांड्यातील निष्कर्ष मोठ्या यंत्रांना लावता आले, आणि पुढे रिचर्ड सिवेक यांनी विकसित केलेला २० लिटरचा गोल जगभर प्रमाण उपकरण बनला. २०० पर्यंत मूल्य असलेल्या भुकट्या पहिल्या, २०० ते ३०० मधील दुसऱ्या आणि त्यापुढील तिसऱ्या वर्गात मोडतात. पीठ, साखर, कोळसा सहसा पहिल्या वर्गात येतात. ॲल्युमिनियमची बारीक भुकटी तिसऱ्या.

पहिला वर्ग म्हणजे सौम्य धोका असा अर्थ मात्र घेऊ नये. मोठी मनुष्यहानी करणारे अनेक स्फोट याच वर्गातील धुळीचे आहेत. नॉर्वेतील संशोधक रोल्फ एकहोफ यांनी आणखी एका मुद्द्याकडे लक्ष वेधले: केएसटी हे उकळबिंदूसारखे पदार्थाचे अंगभूत मूल्य नाही. ढगातील हवेचा खळबळाट जसा असेल तसे ते बदलते, आणि कारखान्यातील खळबळाट चाचणीच्या भांड्यातल्यासारखा असेलच असे नाही.

प्रज्वलनाची कारणे

ढग पेटवण्यासाठी लागणाऱ्या सर्वांत कमी विद्युत्-ठिणगीच्या ऊर्जेला किमान प्रज्वलन ऊर्जा म्हणतात. मिथेनसाठी ती सुमारे ०.२८ मिलिजूल असते. धुळीला सामान्यतः अधिक लागते. पिठासारख्या पदार्थांना दहापट ते शेकडोपट. पण गंधक आणि अतिसूक्ष्म धातूंची भुकटी काही मिलिजूल किंवा त्याहूनही कमी ऊर्जेने पेटते. कोरड्या हवेत, विद्युत्‌रोधक तळव्यांची पादत्राणे घालून चालणाऱ्या माणसाच्या शरीरावर १० ते ३० मिलिजूल ऊर्जेचा स्थिर विद्युतभार साठू शकतो. अशा भुकट्यांच्या कारखान्यात कामगाराच्या बोटातून निघालेली ठिणगी पुरेशी ठरते. म्हणून तेथे धातूचे सर्व भाग आणि माणसेही जमिनीशी विद्युतदृष्ट्या जोडलेली ठेवतात.

प्रत्यक्ष अपघातांत मात्र साधीच कारणे वारंवार आढळतात: वंगण संपून तापलेले बेअरिंग, पुलीवर घसरणारा पट्टा, दळणात शिरलेला लोखंडाचा तुकडा, धुळीचा अंदाज न घेता केलेले वेल्डिंग. तापलेल्या पृष्ठभागांसाठी दोन तापमाने तपासली जातात, एक ढगाचे आणि दुसरे थराचे. यंत्राच्या पृष्ठभागाचे तापमान ढगाच्या प्रज्वलन तापमानाच्या दोन-तृतीयांशांहून कमी असावे, आणि पाच मिलिमीटर जाडीच्या थराच्या प्रज्वलन तापमानापेक्षा किमान ७५ अंशांनी कमी असावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

धुमसणाऱ्या ढिगाचा धोका वेगळाच असतो. कोठारातील धान्य, कोळसा किंवा भुसा आतल्या आत दिवसेंदिवस ज्वाळेशिवाय जळत राहतो. तो विझवायला पाण्याचा जोरदार झोत मारला तर धूळ उडते आणि विझवणाऱ्यांच्या तोंडावरच स्फोट होतो. धातूंच्या भुकटीवर पाणी टाकणे तर अधिकच घातक, कारण त्यातून हायड्रोजन निर्माण होतो.

प्रतिबंध

उपायांचा पहिला क्रम साफसफाईचा आहे. यंत्रे धूळबंद असणे, गळती लगेच थांबवणे, आणि साचलेली धूळ हवेच्या झोताने न उडवता योग्य शोषकाने काढणे यांमुळे दुय्यम स्फोटाची साखळी मुळातच तुटते. दुसरा मार्ग म्हणजे नायट्रोजनसारखा वायू सोडून ऑक्सिजनचे प्रमाण कमी करणे. हे दोन्ही पुरेसे नसतील तेथे स्फोट होणारच असे गृहीत धरून रचना करतात. यंत्रांना ठरावीक दाबाला फाटणारे झरोके ठेवून ज्वाला सुरक्षित दिशेला बाहेर सोडतात. दाबवाढ सुरू होताच काही सहस्रांश सेकंदांत सोडियम बायकार्बोनेटसारखी भुकटी फवारून ज्योत दडपतात. आणि नळांत झडपा बसवून एका यंत्रातील स्फोट दुसऱ्यापर्यंत जाऊ देत नाहीत. झरोका इमारतीच्या आत उघडत असेल तर तो असून नसल्यासारखाच असतो, ही चूक अनेक जुन्या कारखान्यांत आढळते.

अलीकडील दुर्घटना व नियमन

अमेरिकेत २००३ या एकाच वर्षी तीन मोठे धूलिस्फोट झाले. त्यांपैकी जानेवारीत नॉर्थ कॅरोलिनातील किन्स्टन येथे औषधांसाठी रबरी भाग बनवणाऱ्या कारखान्यात पॉलिएथिलीनची धूळ लोंबत्या छताच्या वर, कोणाच्या नजरेस न पडता साचलेली होती. सहा जण मरण पावले. तेथील रासायनिक सुरक्षा मंडळाने १९८० ते २००५ या काळातील २८१ घटनांचा अभ्यास केला. त्यांत ११९ मृत्यू आणि ७१८ जखमी नोंदले गेले. मंडळाने नोव्हेंबर २००६ मध्ये सर्व उद्योगांसाठी एकच बंधनकारक नियम करण्याची शिफारस केली. पंधरा महिन्यांनी, ७ फेब्रुवारी २००८ रोजी, जॉर्जियातील पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात स्फोट होऊन १४ जण मरण पावले. कोठारांखालून साखर वाहून नेणारा पट्टा स्वच्छतेसाठी आदल्या वर्षीच पत्र्यांनी झाकण्यात आला होता. त्यामुळे आत धूळ साचून स्फोटक ढग तयार झाला, आणि तो बहुधा तापलेल्या बेअरिंगने पेटला, असा चौकशीचा निष्कर्ष होता. त्यानंतर नियमाची प्रक्रिया सुरू झाली, पण २०१७ मध्ये ती मागे घेण्यात आली.

चीनमधील कुन्शान येथे २ ऑगस्ट २०१४ रोजी मोटारींच्या चाकांना झिलई करणाऱ्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या धुळीचा स्फोट होऊन अखेरीस १४६ जण मरण पावले. तैवानमध्ये २७ जून २०१५ रोजी एका जलक्रीडा उद्यानात, रिकाम्या केलेल्या तलावात भरवलेल्या नृत्यसोहळ्यात मक्याच्या स्टार्चची रंगीत भुकटी उधळली जात होती. ती पेटून १५ जण मरण पावले आणि सुमारे पाचशे भाजले. जागा उघडी असल्याने इमारत कोसळण्याचा प्रश्न नव्हता. ज्वाळाच पुरेशा ठरल्या. उधळण्याचा रंग स्टार्चचा असेल तर दिवे, सिगारेट आणि तापलेली ध्वनियंत्रे दूर ठेवायला हवीत, हा या घटनेचा रंगपंचमी साजरी करणाऱ्यांशी असलेला सरळ संबंध आहे.

भारतातील स्थिती

भारतातील मोठी दुर्घटना तेव्हाच्या बिहारमधील, आताच्या झारखंडातील धोरी कोळसाखाणीत २८ मे १९६५ रोजी घडली. तीत २६८ जण मरण पावले. खाणींच्या संशोधनाचे काम धनबाद येथील केंद्रीय खाणकाम व इंधन संशोधन संस्थेत चालते. कारखान्यांच्या बाबतीत २०२५ पर्यंत १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे ३७ वे कलम स्फोटक धूळ, वायू व वाफ यांना लागू होत असे. यंत्रे बंदिस्त ठेवणे, धूळ साचू न देणे आणि प्रज्वलनाचे सर्व स्रोत दूर ठेवणे ही भोगवटादाराची जबाबदारी त्यात सांगितली होती. स्फोटाचा दाब सोसू न शकणाऱ्या यंत्रांना झरोके व अडथळे बसवण्याची तरतूदही होती.

महाराष्ट्रात वर्धा खोऱ्यातील भूमिगत कोळसाखाणींखेरीज हा प्रश्न साखर, पीठ, लाकूड, औषधे व रसायने यांच्या कारखान्यांत उद्भवतो. औष्णिक वीजकेंद्रांचे उदाहरण विशेष आहे, कारण चंद्रपूर, कोराडी किंवा खापरखेडा येथील बाष्पित्रांत कोळसा जाणूनबुजून पिठासारखा दळून, हवेत मिसळूनच जाळला जातो. तेथे दळणगिरणी चालू व बंद करण्याची वेळ सर्वाधिक जोखमीची असते: कोळसा आणि हवा यांचे प्रमाण झपाट्याने बदलते, आणि आत अडकलेला कोळसा तापून धुमसू लागतो. म्हणून गिरणीतून बाहेर पडणाऱ्या मिश्रणाच्या तापमानावर सतत लक्ष ठेवतात आणि ते अकारण चढू लागले की आत वाफ सोडतात.